आरशांच्या थरांतील प्राणी: शामान परंपरेवरून सुचलेल्या कलाकृतीच्या अडचणी

प्रश्न: रेघोटी (सांगली)

नमस्कार. मी सांगलीत राहते. माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. साताऱ्यातील एका मैत्रिणीने नव्या घराच्या बैठकीच्या खोलीसाठी भिंतीवरची कलाकृती करून मागितली आहे. तिने मला काही परदेशी कलाकारांच्या कामांची छायाचित्रे दाखवली. त्यांत आरशाचे पत्रे प्राण्यांच्या आकारांत कापून एकापुढे एक, थोडे अंतर राखून बसवलेले होते आणि खाली ‘शामान परंपरेतील मार्गदर्शक प्राणी’ अशा अर्थाची ओळ होती. शामान म्हणजे आत्म्यांशी संवाद साधणारा मांत्रिक-वैदू. कल्पना मला आवडली, कारण आरसा आणि प्राणी या दोन्ही गोष्टी माणसाला स्वतःकडे पाहायला लावतात, असे मला वाटत आले आहे.

नमुना म्हणून मी ३ मिमी जाडीच्या ॲक्रिलिक आरशाचे तीन थर लेझरवर कापून घेतले. प्रत्येक थर ३ फूट रुंद आणि २ फूट उंच आहे. मागे झाडी, मध्ये हरिण आणि पुढे लांडगा, अशी रचना आहे. थरांमध्ये एकेक इंचाचे स्पेसर घालून चारी कोपऱ्यांत स्क्रू घट्ट आवळले. नमुना भिंतीवर लावला आणि तीन अडचणी दिसल्या. पहिली अशी की प्रतिबिंब लाटांसारखे वेडेवाकडे दिसते. दुसरी अधिक त्रासाची आहे: समोर कोणी उभे राहिले की प्राणी नाहीसे होतात आणि उरतो तो तुकड्यातुकड्यांचा चेहरा. तिसरी अडचण हाताने सुटणारी नाही. ज्या परंपरेशी माझा काहीही संबंध नाही, तिचे नाव या कामाला देणे योग्य आहे का? मैत्रीण तर त्यात घुबडाची पिसे आणि साळिंदराचे काटे लावावेत म्हणते. तिच्या मते अशा वस्तूने घरात चांगली ऊर्जा येते. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर: काचकाम (मिरज)

बाई, माझा काच आणि फ्रेमचा वडिलोपार्जित धंदा आहे, त्यामुळे पहिल्या अडचणीपुरते लिहितो.

ॲक्रिलिक हा लवचिक पत्रा आहे. ३ मिमीचा ३ फुटी तुकडा चार कोपऱ्यांत आवळला की मध्यभागी तो पोट काढतोच, आणि आरशाचा नियम असा की पत्रा एक अंश कलला तर प्रतिबिंब दोन अंश फिरते. पाच फुटांवरून पाहणाऱ्याला हा फरक दोन इंचांपर्यंत जाणवतो. म्हणून चेहरा तुटतो. दुसरे कारण उन्हाळ्याचे आहे. ॲक्रिलिक काचेच्या सात-आठ पट पसरते. तापमान २० अंशांनी वाढले तर तुमचा ३ फुटी पत्रा एक मिलिमीटरहून अधिक लांबतो. स्क्रूच्या मापाचे भोक पाडून तो आवळला असेल तर त्याला पसरायला जागा राहत नाही आणि तो फुगतो. ॲक्रिलिकच ठेवायचे असेल तर भोक स्क्रूपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठे पाडा, खाली रबराचा वायसर घाला, आणि मागचा थर तरी प्लायवूडला सगळीकडून टेकलेला ठेवा. पुसताना काच पुसण्याचे अमोनियाचे किंवा स्पिरिटचे द्रव अजिबात वापरू नका. लेझरने कापलेल्या कडांना बारीक तडे जातात. साबणाचे पातळ पाणी आणि मऊ फडके पुरते.

माझे मत विचाराल तर पुढचा थर काचेचाच करा. वजनाचा हिशेब सांगतो. ४ मिमी काच चौरस मीटरला १० किलो भरते, म्हणजे तुमच्या मापाचा एक थर साडेपाच किलोंच्या आसपास जाईल. त्याच मापाचा तुमचा ३ मिमी ॲक्रिलिकचा थर दोन किलोंत बसतो. तीन थर काचेचे केले तर चौकटीसह वीस किलोंचे ओझे भिंतीवर येईल, म्हणून दोनच थर करा. काचेतून लांडग्याचे कान किंवा हरणाची शिंगे हिऱ्याच्या कलमाने कापून निघत नाहीत, कारण आतल्या टोकदार कोपऱ्यातून तडा सरळ पुढे धावतो. पण काच कापायची गरजच काय? काच अखंड ठेवायची आणि तिच्या पाठीवरचा पारा प्राण्याच्या आकारात काढायचा.

पारा आम्ही नुसते म्हणतो. पूर्वी कथील आणि पारा यांचा लेप देत, ते नाव धंद्यात राहिले; एकोणिसाव्या शतकात चांदीचा मुलामा देण्याची रीत आली आणि आजच्या आरशात पाऱ्याचा थेंबही नसतो. चांदीचा अतिशय पातळ थर, त्याला धरून ठेवणारे तांबे किंवा दुसरा संरक्षक थर, आणि वर रंगाचे हात, अशी त्याची पाठ असते. ती पाठ दोन प्रकारे काढता येते. स्टिकर कापून चिकटवायचा आणि उघड्या भागावर वाळूचा फवारा मारायचा, म्हणजे तेवढी काच दुधी होते. किंवा रंग काढण्याचे रसायन लावून थर उतरवायचे, म्हणजे काच नितळ राहते. हे दुसरे काम घरी करू नका. ब्लेडने खरवडण्याचा मोह होईल, पण कड उंदराने कुरतडल्यासारखी येते.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांना नमुना लावल्यावरच कळते. पुढच्या थराची पाठ मागच्या आरशात दिसते. बाजारातल्या आरशाची पाठ राखाडी किंवा तपकिरी असते, त्यामुळे दोन थरांमध्ये एक मळकट छटा कायम डोकावत राहते. ती पाठ तुमच्या पसंतीच्या रंगात रंगवून घ्या. आरसा चिकटवायला सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे घेऊ नका, ते पाठ खाते आणि वर्षभरात काळे डाग उमटतात; दुकानात न्यूट्रल म्हणून मागा.

उत्तर: भिंग (सातारा)

दुसऱ्या अडचणीचे कारण तुमच्या हातात नसून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. तुम्ही कलाकृतीपासून पाच फुटांवर उभ्या असता तेव्हा तुमचा चेहरा आरशाच्या पृष्ठभागावर नसतो. तो आरशाच्या मागे पाच फुटांवर, म्हणजे तुमच्या डोळ्यांपासून दहा फुटांवर दिसतो. लांडग्याची कड मात्र पाच फुटांवरच आहे. दोन्ही डोळे एका वेळी एकाच अंतरावर रोखले जातात. एक बोट डोळ्यांसमोर धरून दूरच्या दिव्याकडे पाहिले तर बोट दुहेरी दिसते, तसेच इथे होते: नजर चेहऱ्यावर गेली की कड दुहेरी आणि धूसर होते, कडेवर आली की चेहरा विरतो. माणसाची नजर चेहऱ्याकडे आधी जाते, म्हणून दर वेळी प्राणी हरतो. त्यात तुमचा प्राणीही आरशाचा आणि पार्श्वभूमीही आरशाची. दोघांत उजळपणाचा काहीच फरक नाही.

थरांतील एका इंचाने चेहऱ्यात फारसा फरक पडत नाही. आरसा एक इंच मागे नेला की प्रतिबिंब दोन इंच मागे जाते, आणि दहा फुटांत दोन इंच कोणाच्या लक्षात येणार? थरांची खोली कळते ती पाहणारा बाजूला सरकला म्हणजे. त्यामुळे एक तर प्राणी चकाकीविना करा, दुधी किंवा गडद, म्हणजे तो कडेच्या आधाराने न दिसता रंगाने दिसेल. किंवा चेहरा दिसणारच नाही अशा उंचीवर आरसा लावा. सरळ भिंतीवरच्या आरशात आपला चेहरा दिसायला आरशाचा जो भाग लागतो, तो डोळ्यांच्या रेषेच्या थोडा वर आणि थोडा खाली एवढाच असतो, आणि मागे-पुढे सरकून तो बदलत नाही. आरशाची वरची कड डोळ्यांपेक्षा अर्धा फूट खाली असेल तर उभ्या माणसाला स्वतःचा चेहरा दिसू शकत नाही.

उत्तर: उंबरठा (कराड)

मी मानववंशशास्त्राची जुनी विद्यार्थिनी आहे, म्हणून तिसऱ्या प्रश्नाकडे वळते. आधी शब्द पाहू. ‘शामान’ हा शब्द सायबेरियातील एवेंकी लोकांच्या भाषेतून रशियनमार्गे युरोपात गेला, आणि नंतर अभ्यासकांनी तो जगभरच्या अनेक वेगवेगळ्या परंपरांना लावला. धर्मांचे अभ्यासक मिर्चा एलियादे यांनी १९५१ मध्ये त्याची जी मांडणी केली, तिच्या केंद्रस्थानी समाधीसारख्या अवस्थेत शामानाचा आत्मा शरीराबाहेर प्रवासाला जातो, ही कल्पना होती. आपल्याकडचे ‘अंगात येणे’ याच्या उलट दिशेचे आहे, कारण तिथे देव माणसात येतो. ही विभागणी नंतरच्या अभ्यासकांनी पुरेशी मानली नाही, पण दोन्ही गोष्टी सरसकट एक मानू नयेत एवढे तिच्यामुळे लक्षात राहते. प्रत्येक माणसाचा एक मार्गदर्शक प्राणी असतो आणि तो ज्याने त्याने शोधावा, हे आज सर्वत्र दिसणारे रूप तर फारच अलीकडचे आहे. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ मायकेल हार्नर यांच्या १९८० मधील लेखनाने ‘शक्तिप्राणी’ ही संकल्पना शहरी पाश्चात्त्य वाचकांपर्यंत पोचली. तुमच्या मैत्रिणीने दाखवलेल्या छायाचित्रांची वंशावळ बहुधा या बाजूची आहे. सायबेरियातील तंबूपर्यंत ती सरळ जात नाही.

तरीही आरशाची निवड चुकीची नाही, उलट तिला फार जुना आधार आहे. मंगोल, बुर्यात आणि मांचू शामान ‘तोली’ नावाचे काशाचे किंवा पितळेचे गोल आरसे छातीवर आणि पाठीवर बांधतात. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की तोलीची चकाकती बाजू बाहेर असते. ती शामानाला स्वतःचे तोंड पाहण्यासाठी नसून समोरून येणारे अनिष्ट परतवण्यासाठी आणि साहाय्यक आत्म्यांना जागा देण्यासाठी असते. मेक्सिकोतील विशारिका लोकांत ‘निएरिका’ हा शब्द आरसा, चेहरा आणि दोन जगांमधली खिडकी अशा अर्थांनी वापरतात. त्या वाटेवर नेणारा साहाय्यक म्हणजे कौयुमारी हा हरीण. मेक्सिकोतील प्राचीन अझ्टेकांचा देव तेझ्कात्लिपोका म्हणजे शब्दशः ‘धुरकट आरसा’. त्याचा प्राणी जग्वार आणि आरसा ज्वालामुखीच्या काळ्या काचेचा. ब्रिटिश म्युझियममध्ये जॉन डी या इंग्रज विद्वानाचा म्हणून ठेवलेला काळा आरसा मेक्सिकोतील पाचुकाच्या दगडाचा आहे, हे २०२१ मध्ये रासायनिक तपासणीने निश्चित झाले. अशा काळ्या काचेत चेहरा दिसतो, पण अंधारातून वर आल्यासारखा.

या तिन्ही ठिकाणी आरसा स्वतःकडे पाहण्यासाठी नाही. आपण प्रश्नात लिहिले आहे की आरसा माणसाला स्वतःकडे पाहायला लावतो. मला वाटते, तुमच्या नमुन्यातील गोंधळाचे मूळ त्या वाक्यात आहे. चेहरा प्राण्याला खाऊन टाकतो, ही केवळ डोळ्यांची अडचण नव्हे.

आपल्या भागातील वाचकाला दत्तात्रेयांचे चोवीस गुरू आठवतील. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदूला जे गुरू सांगतो त्यांत कबूतर, अजगर, हत्ती, हरीण, मासा, साप आणि कोळी आहेत, आणि औदुंबरला जाणाऱ्या कुणालाही ती यादी परकी नाही. पण ते गुरू सोबत चालणारे नाहीत. हरीण गाण्याला भुलून पकडले जाते, मासा जिभेपायी गळाला लागतो. अवधूत ते पाहतो आणि शिकतो. हे मार्गदर्शन दुरून घेतलेले आहे. शामानाच्या प्राण्याशी त्याची गल्लत करू नये, मात्र दोन्ही माहीत असलेल्या चित्रकाराला निवड करता येते.

उत्तर: मेंढका (म्हसवड)

एवढी मोठी चर्चा चालली आहे म्हणून एकच शंका विचारतो. लांडगा मार्गदर्शक कसा? आमच्या माणदेशच्या माळावर लांडगा आहे आणि त्याला आम्ही पिढ्यान् पिढ्या ओळखतो. तो कळपाच्या कडेचे कोकरू उचलतो. आमच्या आजोबांना त्याच्याबद्दल आदर होता, हे खरे. पण त्याला वाट विचारावी असे त्यांना कधी वाटले नसेल. बाहेरच्या चित्रांत बर्फात उभा राहणारा केसाळ लांडगा असतो, आमचा तर उन्हाने वाळलेला आणि मातीच्या रंगाचा आहे. काढायचाच तर तो तरी काढा. खंडोबाचे कुत्रे आणि घोडा पालीच्या यात्रेत प्रत्येकाने पाहिलेले असतात, तेही चालतील.

उत्तर: विवेकवाट (सातारा)

आपल्या मैत्रिणीच्या आग्रहाबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. घुबड आणि साळिंदर हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित प्राणी आहेत. त्यांची पिसे आणि काटे बाजारात येतात ते बहुतेक वेळा प्राणी मारूनच, आणि घुबडांचा बळी तर अंधश्रद्धेपोटीच जातो. कलाकृतीत त्यांना जागा नसावी. पिसाचा आकार काचेवर कोरता येईल.

ऊर्जेबाबत मी याहून कमी सौम्य आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचे हे गाव आहे. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये त्यांच्या हत्येनंतरच आला. आरशात प्राणी काढणे हा कलेचा भाग आहे आणि त्यावर कुणाचाही आक्षेप नसावा. परंतु ही वस्तू लावल्याने आजार बरा होतो किंवा घरातले अडथळे दूर होतात असे सांगून ती दिली, तर तिथे कला संपते. मैत्रिणीला दुखवायचे नसेल तर कामाच्या मागे एक चिठ्ठी लावा आणि तीत फक्त साहित्य, माप, वर्ष आणि आपले नाव लिहा.

उत्तर: काचकाम (मिरज)

विवेकवाट यांच्याशी सहमत आहे, फक्त चिठ्ठी आरशाच्या पाठीवर थेट चिकटवू नका, प्लायवर लावा. डिंकाच्या ओलाव्यानेही कालांतराने डाग येतो.

प्रश्नकर्ती: रेघोटी (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मध्यंतरी मिरजेत जाऊन एक फूट चौरसाचा नवा नमुना करून घेतला.

लांडगा काढून टाकला. मेंढका यांची शंका वाचल्यावर मला तो पुढे ओढताच येईना. काही वर्षांपूर्वी सांगलीच्या मार्केट यार्डात गवा शिरला होता, ते अनेकांना आठवत असेल. सारे शहर त्याला पाहायला धावले होते आणि तो बिचारा वाट चुकलेला, बाहेर कसे पडावे हे न कळून उभा होता. चांदोली-कोयनेच्या रानातून उसाच्या फडांपर्यंत येणारा हा प्राणी आमच्या माहितीतला आहे, आणि मार्ग दाखवणाऱ्यापेक्षा मार्ग हरवलेलाच प्राणी माझ्या हाताला अधिक खरा वाटला. मान खाली घातलेला गवा मी आता रेखाटला आहे.

पुढचा थर ४ मिमी काचेचा आरसा आहे. गव्याच्या अंगाचा पारा रसायनाने काढून काच नितळ केली आणि त्याच्या भोवती अर्ध्या इंचाची रेघ वाळूच्या फवाऱ्याने दुधी केली. मागे एक इंचावर तांबूस छटेचा आरसा आहे. तो ॲक्रिलिकचा असला तरी प्लायला पूर्ण टेकलेला आहे, त्यामुळे लाटा गेल्या. भिंग यांनी सांगितल्याप्रमाणे दुधी रेघ कुठूनही पाहिली तरी विरत नाही. गव्याच्या अंगात जे प्रतिबिंब दिसते ते बाहेरच्यापेक्षा काळपट आणि किंचित मागे गेलेले असते; उंबरठा ताईंनी वर्णन केलेल्या काळ्या आरशाची मला तेव्हा आठवण झाली. पुढच्या काचेची पाठ भंडाऱ्याच्या पिवळ्या रंगात रंगवली आहे. समोरून तो रंग दिसत नाही. बाजूला सरकले की गव्याच्या पोटाच्या कडेला पिवळी तिरीप येते.

उंचीबाबत मैत्रिणीशी बरीच ओढाताण झाली. वरची कड जमिनीपासून साडेचार फुटांवर ठेवायची, असे मी ठरवले आहे. म्हणजे उभ्या माणसाला गव्याच्या अंगात आपले हात आणि समोरच्या खिडकीचा खालचा भाग दिसेल, चेहरा दिसणार नाही; दिसायला हवा असेल तर त्याला गव्याइतकेच वाकावे लागेल. मैत्रिणीच्या सहा वर्षांच्या नातवाला मात्र तो सहज दिसेल, आणि या एका मुद्द्यावर ती राजी झाली. पिसे आणि काटे तिने सोडून दिले. ऊर्जेचा विषय आम्ही दोघींनी काढलेला नाही.

नावाच्या जागी ‘गवा’ एवढेच लिहीन. तोलीविषयी कुणी विचारले तर तोंडी सांगेन. आता काचकाम यांना एकच विचारायचे आहे: मूळ मापाच्या काचेला मागून आधार देण्यासाठी खाली ॲल्युमिनियमची पट्टी पुरेल, की चारी बाजूंनी चौकट घ्यावी लागेल?

उत्तर: काचकाम (मिरज)

चारी बाजूंनी घ्या, बाई. खालच्या पट्टीत रबराचे दोन तुकडे ठेवून काच त्यांच्यावर टेकवा, आणि घरात लहान मूल आहे म्हणून पुढच्या काचेच्या पाठीला पारदर्शक सेफ्टी फिल्म लावून घ्या. पिवळा रंग पूर्ण वाळल्यावरच लावा. वरच्या बाजूला दोन मिलिमीटर मोकळे सोडा. काच मी मंगळवारी कापून ठेवतो. नेताना आडवी नेऊ नका, उभी धरायला एक माणूस सोबत आणा.